मिरचीचा जाकी

ब्राह्मणपुरीचा कुंदन पाटील शर्यतीच्या घोड्यांवरचा जाकी झाला तो वजनामुळे, आणि जाकीपणाचा त्याला पहिल्यांदा वीट आला तोही वजनामुळेच.

घरात तीन थोरले भाऊ. तिघेही असे धिप्पाड, की कापसाचं गाठोडं एका हाताने उचलून ट्रॉलीत भिरकावावं. कुंदन शेंडेफळ, आणि शेंडेफळ तसं कच्चंच राहिलं. लग्नाच्या वयाला आला तरी पाठीमागून पाहणाऱ्याला शाळकरी वाटायचा. आई मंगलाबाई आल्यागेल्याला सांगायची, "हाऊ दाना कनीसमाच सुकी गया." त्याच्या देखत सांगायची. कुंदन हसायचा, पण आतून चरफडायचा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका व्यापाऱ्याचा तट्टू मोरकी तोडून पळाला. दुकानं, पाळणे, माणसं तुडवत निघाला. कुंदन भावांबरोबर बाजार पाहायला आला होता. कसा कोण जाणे, तो एका उडीत तट्टूच्या पाठीवर गेला, आयाळीला चिकटून राहिला, आणि तापीच्या वाळूपर्यंत पळवून, दमवून, त्याला चालत परत घेऊन आला. ना खोगीर, ना लगाम. व्यापाऱ्याने पाठ थोपटली. गर्दीतून एक गोरेपान, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी कुंदनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. घोडं न्याहाळतात तसं.

"कोना पोऱ्या तू?"

हे मगनभाई. शहाद्याच्या अंगाला तापीकाठी त्यांच्या केळीच्या बागा, रस्त्याला लागून जिनिंग, आणि जिनिंगच्या मागे शर्यतीच्या घोड्यांचा तबेला. मगनभाईंचा आवाज कधी चढला नाही. शिवी तर त्यांच्या तोंडातून कोणी ऐकलीच नव्हती. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून ते बोलायचे, आणि तो हात नेहमी ऊबदार असायचा. कुंदनच्या खांद्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

मगनभाईंची घोडी लखी. काळीभोर, लांब मानेची, आणि सुटली की धनुष्यातून बाण सुटल्यासारखी. पहिल्याच हिवाळ्यात कुंदनने तिच्यावर तीन यात्रांतल्या शर्यती मारल्या. ब्राह्मणपुरीत त्याची ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. मंगलाबाई आता वेगळंच सांगू लागली, की लहानपणीच मला ठाऊक होतं. शिक्षण बेताचं, शेत वाटणीत तुकड्यावर आलेलं, पण जाकीचं नाव झालं म्हणून प्रकाशाकडची कामिनी त्याला सांगून आली. लग्नातल्या फोटोत दोघांच्या मध्ये लखीची मान आहे.

मात्र यात्रेच्या आधी काटा असायचा. जिनिंगच्या कापूस तोलायच्या काट्यावर मगनभाई कुंदनला उभं करायचे. भोवती कापूस विकायला आलेले शेतकरी, हमाल, ट्रॅक्टरवाले. "बनियन बी काढी टाक," मगनभाई मायेने सांगायचे. मग कुंदन उघड्या अंगाने, चड्डीवर, त्या गार लोखंडी तक्त्यावर उभा राहायचा. एखादा हमाल ओरडायचा, "भाई, ओलावा कापा!" ओल्या कापसाचं वजन कापून धरतात, तो विनोद. सगळे हसायचे. दरवेळी तोच विनोद, दरवेळी तेच हसू.

काटा जास्त दाखवायला लागला की उपास. जुलाबासाठी सोनामुखीचा काढा. उन्हात घोंगडी पांघरून बागेच्या बांधावरून पळायचं. तबेल्यात लखीला हरभरा, गूळ, अंडी, तूप चारायचं तेही कुंदननेच. आपल्या पोटात नुसतं पाणी असताना तुपाने माखलेला हात तिच्या तोंडापुढे धरायचा, आणि तो हात नंतर चाटायचा नाही. हळूहळू त्याला तुपाचाच काय, अन्नाचाच वास सोसेना. कामिनी भाकरी थापायला बसली की तो ओट्यावर जाऊन थुंकायचा.

"लोके भूक लागनी म्हनीसन रडतस," कामिनी म्हणायची. "तुम्ही जेवन दखीसन थुकतस."

बक्षिसाच्या वेळी फेटा मगनभाईंना बांधायचे. त्याला कुंदनची हरकत नव्हती. घोडी त्यांची. तो खाली लखीचा लगाम धरून उभा राहायचा आणि तिच्या नाकपुड्यांतून येणारी वाफ हातावर घ्यायचा. तेवढं त्याला पुरायचं.

काही वर्षांनी लखी मंदावली. आजारी नव्हती, नुसतं वय झालं होतं. दोन यात्रांत मागे पडली. मगनभाईंचा मुलगा योगेंद्र कुठूनसा एक उपाय शिकून आला.

तापीकाठच्या एका छोट्या यात्रेत कुंदन रिकिबीत पाय ठेवणार, तोच त्याच्या डोळ्यांना झोंबलं. त्याला वाटलं, भजीवाल्याच्या कढईचा ठसका असेल. वर बसला तर लखीचं सगळं अंग थरथरत होतं. ती मागचे पाय जागच्या जागी आपटत होती, आणि मान वळवून स्वतःच्याच पाठीमागे बघायला धडपडत होती. योगेंद्र तेलकट हात फडक्याला पुसत बाजूला झाला. झेंडा पडला.

लखी पळाली. पूर्वी पळायची तेव्हा पुढे काहीतरी दिसल्यासारखी पळायची. आता मागे लागलेलं काहीतरी सोडवायला पळत होती, आणि ते सुटत नव्हतं. कुंदनने लगाम खेचला, सैल सोडला, हाका मारल्या. तिला काही कळत नव्हतं. रेषा गेली, लोकांचा गलका मागे पडला, तरी ती थांबेना. उसाच्या कडेला जाऊन आदळली तेव्हा थांबली.

कुंदन उतरला आणि त्याने तिची शेपटी उचलली. शेपटीखालचा नाजूक भाग सुजून लाल झाला होता आणि त्यावर वाटलेल्या हिरव्या मिरचीचं तेलकट बोट फिरलेलं होतं. बिया चिकटलेल्या दिसत होत्या.

त्याच्या पोटात काहीच नव्हतं. तरीही तो उसाच्या सरीत वाकून ओकत राहिला. नुसतं कडू पाणी पडलं. मग पाटाच्या पाण्याने आणि जवळच्या एका वस्तीवरून मागून आणलेल्या ताकाने त्याने तिला धुतलं. स्टेजकडून वाजंत्री ऐकू येत होती. लखी जिंकली होती.

"भाई, हाई काय शे?" त्याने संध्याकाळी मगनभाईंना विचारलं.

मगनभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, समदा करतस. तू तं वरे बसस. तुले कोठे झोंबस?"

कुंदन त्या दिवशी घरी जाऊन सांगून टाकणार होता, की आता बस. पण कामिनीला दिवस गेलेले, भावांनी वेगळी चूल मांडायला सांगितलेलं, आणि जाकीखेरीज त्याला काही येत नव्हतं. तो पुढच्या यात्रेला गेला. त्याच्या पुढच्याही. लखीवर बसायच्या आधी तो नाकाला रुमाल बांधू लागला, लोकांना वाटलं, धुळीसाठी. घरी आला की राखेने हात घासायचा. कामिनी म्हणायची, कातडी निघेल. त्याला निघायलाच हवी होती. मगनभाईंची किळस येत होती, योगेंद्रची येत होती, पण सगळ्यात जास्त त्याला आपल्या मांड्यांची येत होती, ज्या त्या थरथरत्या पाठीवर जाऊन घट्ट बसायच्या.

मग एक मोठी यात्रा आली. लखी पहिली आली. निवेदक होता नवल, लग्नकार्यापासून प्रचारसभेपर्यंत सगळीकडे माईक धरणारा, बोलायला लागला की थांबत नसे. मगनभाईंना फेटा बांधून झाला आणि नवलला काय सुचलं, त्याने खाली वाकून कुंदनला हात दिला आणि स्टेजवर ओढलं. "आज आपण विजेत्या घोडीच्या स्वाराचे दोन शब्द ऐकू."

कुंदनच्या हातात माईक पहिल्यांदाच आला. समोर माणसंच माणसं. मुलं बापांच्या खांद्यावर, बायका ट्रॉल्यांत उभ्या. खाली लखी एकेक मागचा पाय उचलून धरत होती.

"घोडी मन्हामुये नई पयनी," तो म्हणाला. त्याचा आवाज भोंग्यांतून त्यालाच परका ऐकू आला. "तिन्हा शेपटीखाले मिरची चोळेल शे. दखा तुम्ही. शेपटी उचलीसन दखा."

कुंदनला वाटलं, झालं, आता कोणीतरी पुढे येईल.

मागून कोणीतरी शिट्टी मारली. मग एक हसला, मग दहा, आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. ट्रॉलीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवलने माईक काढून घेतला आणि तो ओरडला, "आपली खान्देशी मिरची! झणझणीत!" वाजंत्री सुरू झाली. आणि स्टेजवर सगळ्यात मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, मगनभाई हसत होते. त्यांनी कुंदनच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तसाच ऊबदार होता.

खोटं ठरवलं असतं, मारलं असतं, हाकलून दिलं असतं, तर कुंदनला काहीतरी धरायला सापडलं असतं. तसं काहीच झालं नाही. पुढच्या यात्रेला तो तबेल्यात गेला तेव्हा लखीच्या पाठीवर नवी भगवी झूल होती आणि तिच्यावर जरीने लिहिलं होतं, 'मिरची'. गळ्यात सुक्या लाल मिरच्यांची माळ. दोन-तीन पोरं तिच्याबरोबर मोबाइलवर फोटो काढत होती. योगेंद्र माळ सारखी करत होता.

"तूच नाव ठेवं ना रे," मगनभाई कौतुकाने म्हणाले. "आते समदा जिल्हा वळखस तिले."

कुंदनने लगाम खुंटीला अडकवला आणि तो तबेल्यातून बाहेर पडला. मागून हाक आली, त्याने वळून पाहिलं नाही. एसटी येईपर्यंत फाट्यावर उभा राहिला, आणि तिथल्या रसवंतीवाल्यानेही त्याला विचारलं, "मिरचीना जाकी ना तू?"

त्या हंगामात आणखी चार मालकांनी आपल्या घोड्यांना मिरची लावायला सुरुवात केली, हे त्याला नंतर कळलं. कुंदनच्या भाषणातून त्यांनी एवढंच उचललं होतं.

शहाद्याला हिलाल नावाचा बँडवाला होता. त्याच्याकडे नवरदेवाची पांढरी घोडी होती आणि तिला सांभाळायला माणूस नव्हता. कुंदन तिथे लागला. इथे वजनाचा काटा नव्हता, आणि हिलाल माणूस म्हणून वाईट नव्हता. पण वरातीत घोडी नाचायला लागते. खाटेवर चढून, डीजेच्या भिंतीएवढ्या डब्यांपुढे, डोळ्यांवर मारणाऱ्या दिव्यांत. कुंदन तिच्या कानांत कापूस घालायचा, तरी प्रत्येक ठोक्याला तिच्या पोटाची कातडी उडायची. घामाचा, दारूचा, जळालेल्या फटाक्यांचा आणि कुजलेल्या झेंडूचा एकत्र वास त्याच्या कपड्यांतून जायचा नाही.

एकदा अशीच एक वरात शहाद्याच्या बसस्टँडसमोर अडली होती. एसट्या हॉर्न वाजवत उभ्या, आणि नवरदेवाचे मित्र मधोमध नाचत. एकाने कुंदनला ओळखलं. "अरे, हाऊ तं मिरची!" सगळे गोळा झाले. एकाने बिअरची बाटली घोडीच्या ओठांत खुपसली आणि डोकं वर दाबलं. फेस तिच्या नाकात गेला. ती खोकली, घोडी खोकते तशी, सगळं अंग हादरवून. दुसरा म्हणाला, "मिरची आन रे, मिरची! आते नाचाडू हिले."

कुंदनने बाटली काढून घेतली आणि रस्त्यावर ओतली. मग तो नवरदेवाजवळ गेला. नवरदेव अगदी पोरसवदा होता, मुंडावळ्यांतून घाबरून पाहत होता.

"भाऊ, खाले उतर," कुंदन त्याला समजावत म्हणाला. "सांभाळीसन. पाय माले दे."

पोराला वाटलं, रीतच असेल. तो उतरला. कुंदनने त्याचा शेला नीट केला, तलवार हातात दिली आणि लगाम धरून घोडीला एसट्यांच्या मधून घेऊन निघून गेला. नवरदेव मांडवात पायी गेला. त्यावरून पुढे मोठा तमाशा झाला.

"तू चुकना नई," हिलाल दुसऱ्या दिवशी म्हणाला. "पन आते तुले कोनी बलावाव नई. अन माले बी नई."

तो माणूस खरं बोलला होता. मग महामारी आली, यात्रा बंद, वराती बंद. कुंदनने पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्या रांगेत लावायचं काम धरलं. हातात शिट्टी, अंगावर चमकणारी बंडी. मळीचा आंबूस गोड वास घरापर्यंत यायचा. पण उसाला वेदना होत नव्हत्या, आणि कोणी हसत नव्हतं. मुलगी काजल चालायला लागली होती. ती त्याच्या पाठीवर बसून "घोडा, घोडा" करायची, तर तो तिला खाली उतरवून ठेवायचा. कामिनीला ते कधी आवडलं नाही.

ब्राह्मणपुरीतच रमिलाबाई राहायच्या. केळीबागायतदाराची विधवा, जिभेने तिखट. यजमान महामारीत गेले आणि मागे एक लाल घोडी ठेवून गेले, तारा. मुलगा सुरतेला, तो फोनवरून सांगायचा, विकून टाक. रमिलाबाईंनी कुंदनला निरोप धाडला. तो आला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला.

"काकी, मी घोडासनं काम सोडी दिधं."

"माले तरी कोठे आवडतस घोडा?" रमिलाबाई म्हणाल्या. "वास येस. माशा येतस. पन हाई दिवसभर भीतले लाथा मारस, मन्हं डोकं फिरी गयं. तिले फिराड फक्त. पयाडू नको."

पळवायचं नाही, हे ऐकून तो आत आला. ताराने दोन लाथा झाडल्या, एक त्याच्या मांडीवर बसली. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तासन्‌तास नुसता तिच्याजवळ उभा राहायचा, खरारा करायचा, आणि बांधाबांधाने तिला हाताने चालवायचा. वर बसायला त्याला बरेच महिने लागले. घोडी कधीच तयार होती, त्याच्याच मांड्या तयार नव्हत्या.

चालवता चालवता त्याच्या लक्षात आलं, की ताराच्या चालीत रेवाल आहे. रेवाल म्हणजे घोड्याची ती चाल, जिच्यात पाय झरझर पडतात आणि पाठ साचलेल्या पाण्यासारखी स्थिर राहते. स्वाराने हातात भरलेला पेला धरला तरी थेंब सांडत नाही. ही चाल मारून येत नाही. भ्यालेलं घोडं रेवाल चालत नाही, ते उधळतं. कुंदन भल्या सकाळी कारखान्यावर जायच्या आधी तिला गोमाईच्या काठाकाठाने चालवू लागला. रमिलाबाई नाकाला पदर लावून ओट्यावरून बघायच्या आणि चुका काढायच्या, आणि दोन-चारदा त्या चुका खऱ्याही निघाल्या.

"सारंगखेडाले लई जाऊ," एका डिसेंबरात त्या म्हणाल्या.

"माले बजारना वीट येल शे, काकी."

"माले काय हाऊस शे? पन हिले इतली चाल शिकाडी, ती काय भीतले दखाडू?"

गेले. बाजार तोच होता. तेच पाळणे, तेच भोंगे, लीद आणि जिलेबी यांचा तोच एकत्र वास. रेवाल चालीच्या स्पर्धेत ताराची पाळी आली. ती निघाली तेव्हा कडेची बोलणी आपोआप थांबली. कुंदनच्या हातातल्या पेल्यात पाणी काठोकाठ होतं आणि ते हललंसुद्धा नाही. मैदानाच्या वळणापर्यंत ती अशी गेली, की खुद्द कुंदनला आपण घोडीवर आहोत की होडीत, असं झालं.

वळणावर कोणीतरी ओरडलं, "मिरचीना जाकी शे रे हाऊ! मिरची लाय!" शिट्ट्या झाल्या. कुंदनने वळून पाहिलं नाही. फक्त त्याची मूठ आवळली गेली. लगामातून ते ताराला कळलं. तिची मान ताठ झाली, एक पाऊल चुकलं, पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. मग त्याने मूठ सोडली आणि ती पुन्हा चालीवर आली. पण पंचांनी पाहिलं होतं. तारा दुसरी आली.

"तुन्हा हात कडक व्हयना," रमिलाबाई म्हणाल्या.

"हा, काकी. मन्हाच हात."

मगनभाई आले. केस पांढरे झाले होते, हसू तसंच होतं. घोडीभोवती फिरले, वाहवा केली, आणि कुंदनच्या खांद्यावर हात ठेवला. "घोडी बी दे, तू बी चाल. मन्हा तबेला तुन्हाच शे. मी कधी काही मनमा धरं का?"

"तुम्ही नई धरं, भाई," कुंदन म्हणाला. "मी धरं." आणि त्याने खांद्यावरचा हात दोन बोटांनी उचलून खाली ठेवला. मेलेलं काही उचलून ठेवावं तसा.

मगनभाईंना राग आला नाही. त्यांनी चहा मागवला. तीन पेले आले. रमिलाबाईंनी घेतला, मगनभाईंनी घेतला. कुंदनचा पेला घोडेवाल्याच्या बाजेवर तसाच राहिला आणि त्यात माशी पडली.

परतायला पिकअप ठरवली होती. गर्दी, भोंगे, मागे गाड्यांची रांग. तारा फळीवर पाय ठेवेना. ड्रायव्हरने काठी उचलली.

"ऱ्हाऊ दे," कुंदन म्हणाला. "चढी ती."

"रस्ता अडकायी गया, भाऊ."

"अडकू दे."

तो फळीच्या बाजूला लगाम सैल धरून उभा राहिला. मागचे हॉर्न वाजवत होते, कोणी शिव्या देत होतं. रमिलाबाई नाकावर पदर धरून पुढच्या सीटजवळ उभ्या होत्या आणि वासाबद्दल कुरकुरत होत्या. ताराने फळी हुंगली, मागे सरली, पुन्हा हुंगली. मग एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि आत गेली.

"काकी, तुम्ही पुढे बसा," कुंदन म्हणाला. "मी मांगेच बससू." आणि तो लिदीत पाय ठेवून ताराजवळ उभा राहिला.